फ्लूची लस घेतल्यावर त्रास झाला तर: घड्याळ बघून काय ओळखायचं, काय करायचं

लस टोचून झाली की मी प्रत्येकाला सांगते, आत्ता किती वाजलेत ते बघून ठेवा. बहुतेक जण दंडावरचा कापूस दाबत मान हलवतात आणि विसरून जातात. मग रात्री फोन येतो, "सिस्टर, रिॲक्शन आली वाटतं." माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लस किती वाजता घेतली आणि त्रास किती वाजता सुरू झाला? या दोन वेळांमधलं अंतर कळलं की निम्मं कोडं सुटतं. पाच मिनिटांत आलेला त्रास, रात्री झोपताना आलेला त्रास आणि पंधरवड्याने आलेला त्रास यांची कारणं वेगळी असतात आणि उपायही वेगळे.

पहिल्यांदाच फ्लूची लस घेणाऱ्यांसाठी, किंवा घरातल्या वयस्कर माणसाला वा लहान मुलाला घेऊन जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. दंडात टोचायच्या लसीबद्दलच बोलते. नाकात फवारायची लस वेगळी असते.

लस घेण्याआधी सांगायच्या गोष्टी

टेबलासमोर बसल्यावर "काही ॲलर्जी आहे का?" असं विचारलं जातं आणि घाईघाईत "नाही" म्हटलं जातं. थोडं थांबून आठवा. पूर्वी कुठल्याही लसीनंतर अंगावर गांधी उठल्या होत्या का, ओठ किंवा जीभ सुजली होती का, श्वास घ्यायला त्रास झाला होता का? झाला असेल तर किती वेळाने? जिलेटिनची किंवा निओमायसिन, जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिकची ॲलर्जी आहे का? काही कंपन्यांच्या लसींत हे घटक अगदी किंचित उरलेले असतात, काहींत नसतात. कुपीच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात घटकांची यादी छापलेली असते. ती वाचायला मागितली तर कुणी नाही म्हणू नये.

आणखी तीन गोष्टी आपणहून सांगाव्यात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, म्हणजे टोचल्यावर दोन मिनिटं जागा नीट दाबून धरता येते, आणि ती चोळायची नाही. आज चांगला ताप असेल तर लस काही दिवस पुढे ढकललेली बरी. नुसती सर्दी असेल तर अडचण नाही. आणि सुई बघून पूर्वी कधी भोवळ आली असेल तर ते सांगायला लाजू नका, आम्ही तुम्हाला आडवं झोपवूनच लस देऊ.

अंड्याचा प्रश्न मला जवळजवळ रोज विचारला जातो. लसीसाठी लागणारा विषाणू बहुतेक वेळा कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. पुढे तो शुद्ध करून निष्क्रिय केला जातो, पण अंड्यातलं प्रथिन नावापुरतं उरतं, एका डोसात साधारण १ मायक्रोग्रॅमहूनही कमी. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी लस टाळावी असं पूर्वी सांगितलं जायचं. पुढे अशा हजारो लोकांना लस देऊन पाहिल्यावर ती भीती खरी ठरली नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने तर २०२३-२४ च्या हंगामापासून अशा लोकांसाठी वेगळी खबरदारी घ्यायची अटही काढून टाकली. तरीही मन धजत नसेल तर पेशींमध्ये वाढवलेली किंवा रिकॉम्बिनंट पद्धतीने, म्हणजे विषाणू न वाढवता त्याचं हवं ते प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून बनवलेली लस मागा. या दोन्हींत अंडं वापरलेलं नसतं.

टोचून घेताना बाही पूर्ण उतरवा किंवा खांद्यापर्यंत नीट वर घ्या. गळ्याकडून कपडा ओढून नुसता खांद्याचा वरचा भाग उघडा केला की सुई नको तिथे, फार वर जाते. त्याचं काय होतं ते पुढे येईलच.

पहिली १५ मिनिटं: उठायचं नाही

"मला काही होत नाही हो," म्हणत लगेच चपला घालणारे रोज भेटतात. मी त्यांना हात धरून बसवते. १५ मिनिटं बसायचंच. पूर्वी कधी तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ३० मिनिटं. एवढ्या वेळात दोन प्रकारचे त्रास होऊ शकतात. लांबून ते सारखे दिसतात, पण त्यांच्यातला फरक ओळखता आला तर जीव वाचतो.

पहिला प्रकार म्हणजे नुसती भोवळ. हाच जास्त दिसतो, विशेषतः तरुण मुलामुलींमध्ये. सुईच्या धसक्याने नाडी मंदावते, रक्तदाब खाली येतो, चेहरा पांढराफटक पडतो, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. कधीकधी हाताला दोनचार झटकेही येतात आणि बघणाऱ्याला वाटतं फिट आली. आडवं झोपवून पाय उंच केले की मिनिटा-दोन मिनिटांत रंग परत येतो. यात खरा धोका लसीचा नसून पडण्याचा असतो. एक धडधाकट मुलगा माझ्यासमोर लस घेऊन हसत उठला आणि दाराशी पोचायच्या आत कोसळला. हनुवटीला टाके पडले. तेव्हापासून मी कुणालाच उभं राहू देत नाही. ज्यांना हा त्रास ठाऊक आहे त्यांनी टोचायच्या आधी पाय, पोट आणि दुसऱ्या हाताचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावेत, मग अर्धा मिनिट सैल सोडावेत, असं चारपाच वेळा करावं. त्याने रक्तदाब टिकून राहतो. ज्या दंडात लस घ्यायची तो मात्र सैल ठेवा.

दुसरा प्रकार म्हणजे ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे साऱ्या शरीरभर भडकलेली ॲलर्जी. दहा लाख डोसांमागे साधारण एकाला होते इतकी ती दुर्मीळ आहे. होतं असं, की लसीतल्या एखाद्या घटकाविरुद्ध शरीराने आधीच अँटिबॉडी तयार करून ठेवलेल्या असतात. त्या मास्ट नावाच्या पेशींना चिकटून बसलेल्या असतात. तो घटक पुन्हा आत आला की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम ओततात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी पाझरून सूज येते, श्वासनलिका आवळली जाते.

सुरुवात नेहमी नाट्यमय नसते. एक बाई लस घेऊन शांत बसल्या होत्या. सातव्या-आठव्या मिनिटाला त्या तळहात खाजवायला लागल्या. मग दोनदा खाकरल्या. "गळ्यात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या, आणि तेवढ्या एका वाक्यात त्यांचा आवाज घोगरा होत गेलेला मला ऐकू आला. मानेवर लाल चट्टे नुकते उमटत होते. मांडीत ॲड्रेनलिन, म्हणजे रक्तदाब सावरणारं आणि श्वास मोकळा करणारं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात आवाज मोकळा झाला आणि मग त्यांना रुग्णालयात पाठवलं. त्या तळहात खाजवताना "उन्हाचं झालं असेल" म्हणून घरी निघाल्या असत्या तर, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

तर फरक असा. भोवळीत माणूस पांढरा आणि गार पडतो, नाडी मंद लागते, आडवं केलं की सुधारतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी जोरात धावते. अंगावर बऱ्याचदा खाज, लाली, गांधी असतात, ओठ-जीभ-पापण्या सुजतात, आवाज बसतो, खोकल्याची उबळ येते, छातीत घरघर होते, पोटात मुरडा येऊन उलटी होते, जीव घाबराघुबरा होतो, आणि आडवं करूनही हे थांबत नाही. यातली शरीराच्या दोन वेगवेगळ्या भागांची लक्षणं एकदम दिसली, म्हणजे अंगावर गांधी आणि श्वासाचा त्रास, किंवा गांधी आणि उलट्या, तर ॲनाफिलॅक्सिस समजूनच हालचाल करायची. आणि लक्षात घ्या, काहींच्या अंगावर एकही चट्टा येत नाही. नुसता श्वास अडकतो किंवा रक्तदाब कोसळतो. लहान बाळ तर काही सांगू शकत नाही. ते एकाएकी मलूल पडतं, रडण्याचा आवाज बसतो.

ॲनाफिलॅक्सिस वाटलं तर, याच क्रमाने

१. लगेच हाक मारा. लसीकरणाच्या जागी ॲड्रेनलिन तयार ठेवलेलं असतं. ते मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं असतं. मात्रा वजनाच्या दर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. स्वतःचं पेनसारखं इंजेक्शन बाळगणाऱ्यांनी ते कपड्यावरूनच मांडीत दिलं तरी चालतं.

२. माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा. धाप लागली असेल तर पाय पसरून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा, गरोदर बाईंना डाव्या कुशीवर. उभं करायचं नाही, चालवायचं नाही, गाडीपर्यंतसुद्धा नाही. रक्तदाब कोसळलेला माणूस एकदम उभा राहिला तर हृदय थांबू शकतं.

३. रुग्णवाहिका बोलवा आणि फोनवर "ॲनाफिलॅक्सिस" हाच शब्द वापरा. "चक्कर आलीय" म्हटलं तर समोरच्याला घाईचं कारण कळत नाही.

४. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर ॲड्रेनलिनचा दुसरा डोस द्यावा लागतो.

५. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचं आणि सांगतील तितके तास तिथे थांबायचं. काही जणांना पहिली लाट ओसरल्यावर काही तासांनी पुन्हा तोच त्रास उसळतो.

सेटिरिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीची वाट बघत बसू नका. ती खाज कमी करते, पण सुजलेला घसा उघडत नाही आणि रक्तदाबही वर आणत नाही. ॲड्रेनलिन आधी, बाकी सगळं नंतर.

घरी पोचल्यावर, त्याच दिवशी

तीव्र ॲलर्जी बहुधा लवकर येते, पण काही वेळा दोनचार तासांनीही येते. म्हणून त्या दिवशी एकटं राहणाऱ्यांनी कुणाला तरी सांगून ठेवावं. घरी वरची लक्षणं दिसली तरी क्रम तोच. ॲड्रेनलिन जवळ नसेल तर पहिल्यांदा रुग्णवाहिका.

फक्त अंगावर गांधी उठल्या, श्वास, आवाज, पोट सगळं ठीक आहे, तर डॉक्टरांना विचारून ॲलर्जीची गोळी घ्या आणि काही तास लक्ष ठेवा. इथे एक गफलत मी वारंवार पाहिली आहे. आपल्या भाषेत अंगावर उठलेल्या गांधींनाही "पित्त उठलं" म्हणतात आणि छातीत जळजळलं तरी "पित्त झालं" म्हणतात. मग घरातली "पित्ताची गोळी" म्हणून आम्लपित्ताची गोळी दिली जाते आणि खाज तशीच राहते. औषधाच्या दुकानात "अंगावर पित्त उठलंय, ॲलर्जीची गोळी हवी" असं स्पष्ट सांगा.

काही जणांचे डोळे लाल होतात, खोकला येतो, घसा खवखवतो, चेहरा थोडा फुगतो, आणि सगळं २४ तासांच्या आत. २०००-०१ च्या हंगामात कॅनडात असे बरेच रुग्ण आढळले आणि डॉक्टरांनी त्याला वेगळं नाव दिलं, ऑक्युलो-रेस्पिरेटरी सिंड्रोम. तो बहुतेकांचा दोन दिवसांत ओसरतो आणि ती नेहमीची ॲलर्जी नसते. पण हे घरबसल्या आपलं आपण ठरवायचं नाही. श्वासाचा जरासुद्धा त्रास असेल तर दाखवायचंच.

पहिली रात्र आणि पुढचे दोन दिवस

इथे घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. दंड दुखतो, टोचल्या जागी लाल होतं, थोडी सूज किंवा गाठ येते. काहींना कणकण वाटते, अंग मोडून येतं, डोकं जड होतं. बहुतेकांना हे पहिल्या दिवशी सुरू होतं आणि एकदोन दिवसांत जातं. प्रतिकारशक्ती कामाला लागल्याची ती खूण असते. आणि काहीच झालं नाही तरी लस लागू पडली नाही असं समजू नका.

अमेरिकेत निरोगी नोकरदार माणसांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना फ्लूची लस दिली, निम्म्यांना औषध नसलेलं द्रावण, आणि कुणाला काय दिलं ते त्यांना सांगितलं नाही. दंड दुखल्याची तक्रार लसवाल्यांत साधारण ६४ टक्के होती, दुसऱ्या गटात २४ टक्के. पण ताप, थकवा, अंगदुखी, डोकेदुखी या तक्रारी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच निघाल्या. त्या दिवसांत येणारा थकवा पुष्कळदा लसीशिवायही आला असता. अर्थात पासष्टीपुढच्यांसाठीच्या जास्त मात्रेच्या लसीने दंड जरा जास्त दुखतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

दंडावर गार पाण्यात पिळलेलं फडकं ठेवा आणि हात चालता ठेवा. दुखतो म्हणून तो छातीशी धरून बसलं की आणखी आखडतो. ताप किंवा अंगदुखी असह्य झाली तर पॅरासिटामॉल चालतं, पण ते त्रास झाल्यावर घ्यायचं, लसीच्या आधी खबरदारी म्हणून नाही. मोठ्या माणसाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास अंतर, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम घेतलं तर मात्रा नकळत वाढते. मुलांना वजनाप्रमाणेच द्या आणि ॲस्पिरिन अजिबात देऊ नका.

लहान मुलांना ताप मोठ्यांपेक्षा जास्त वेळा येतो. तापात आकडी येण्याची शक्यता फ्लूच्या लसीबरोबर त्याच दिवशी न्यूमोकोकलसारखी (न्यूमोनियाच्या जंतूविरुद्धची) दुसरी लस दिल्यास किंचित वाढते. आकडी आली तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात बोट किंवा चमचा घालू नका, किती वेळ चालली ते घड्याळात बघा. पाच मिनिटांवर गेली तर रुग्णवाहिका. त्याआधी थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तिसऱ्या दिवसानंतरही दंड दुखतोय

तीन दिवसांनी लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरत चालली, जागा तापली, पू दिसला किंवा ताप वाढला, तर जंतुसंसर्ग असू शकतो. दाखवून घ्या.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. सुई खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या जाड स्नायूत जायला हवी. ती फार वर टोचली गेली तर सांध्याजवळच्या पिशवीत लस जाते आणि तिथे दाह होतो. दोन दिवसांच्या आत खांदा दुखायला लागतो आणि आठवडे गेले तरी दुखतच राहतो. केस विंचरायला हात वर जात नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. ही ॲलर्जी नव्हे, टोचण्यातली चूक आहे, आणि त्यावर औषध आणि व्यायामाचे उपचार आहेत. "लस घेतली की दुखायचंच" म्हणत महिनोन्‌महिने अंगावर काढू नका. आठवडाभरात हात पूर्ण वर जात नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना गाठा आणि लसीची तारीख सांगा.

आठवड्यांनंतर

"लस घेतली आणि आठ दिवसांत फ्लूच झाला," ही तक्रार मी अनेकदा ऐकते. टोचायच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होऊ शकत नाही. पण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्याच दिवसांत सर्दी-खोकल्याचे दुसरे विषाणूही फिरत असतात. खणखणीत ताप, कोरडा खोकला असा त्रास तीन-चार दिवसांवर गेला तर लसीला दोष देत थांबू नका, तपासून घ्या.

गियां-बारे सिंड्रोम हा मात्र खरोखर लक्षात ठेवायचा आजार. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस मोठ्या प्रमाणावर दिली गेली, तेव्हा साधारण एक लाखामागे एक जादा रुग्ण आढळला आणि मोहीम थांबवावी लागली. आताच्या लसींत काही हंगामांत धोका दिसलाच तर तो दहा लाखांमागे एक-दोन इतका असतो, आणि खुद्द फ्लू झाल्यानेही हा आजार होऊ शकतो. लसीनंतरच्या सहा आठवड्यांत दोन्ही पायांना मुंग्या येऊन बळ कमी होत गेलं, जिना चढवेना, अशक्तपणा वर वर सरकू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय. पूर्वी कुठल्याही फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांत हा आजार झाला असेल तर पुढची लस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका.

लिहून ठेवा, कळवा

त्रास कमी असो की जास्त, ज्यांनी लस दिली त्यांना कळवा. लसीनंतर जे काही बिघडतं ते जगभर नोंदवलं जातं आणि मग पडताळलं जातं: दोष लसीच्या घटकाचा, उत्पादनाचा, टोचण्यातल्या चुकीचा, सुईच्या धास्तीचा, की निव्वळ योगायोग. कॅनडातली लाल डोळ्यांची गोष्ट कळली तीही लोकांनी कळवलं म्हणूनच.

तीव्र ॲलर्जी झालेल्यांनी ॲलर्जीतज्ज्ञांकडे जावं. नेमका कुठला घटक नडला ते तपासता येतं, आणि पुष्कळदा दुसऱ्या प्रकारची लस देखरेखीखाली देता येते. "मला लस चालत नाही" एवढंच वर्षानुवर्षं सांगत राहिलात तर उद्या दुसरी एखादी गरजेची लसही नाहक टळते. त्यापेक्षा लसीकरणाच्या कार्डाच्या मागे असं लिहून ठेवा:

लस: (नाव आणि बॅच क्रमांक), डावा दंड. तारीख. सकाळी १०:१० ला घेतली. १०:४० ला मान आणि पोटावर गांधी, खाज. श्वास, आवाज ठीक. ११:०० ला सेटिरिझिन १० मिलिग्रॅम. दुपारी २ पर्यंत सगळं गेलं.

बॅच क्रमांक कुपीवर असतो, टोचण्याआधीच फोनवर फोटो काढून ठेवा. पुढच्या हंगामात टेबलासमोर बसलात की बोलायच्या आधी हे कार्ड उलटं करून सिस्टरांच्या हातात द्या.